लिलावाचं अ‍ॅप: हिशेब चोख, ‘अनडू’ गंडलेलं

गुहागर-मालवण पट्ट्यातल्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांसाठी हे खेळाडूंच्या लिलावाचं अ‍ॅप घ्यावं का? घ्यावं, ते ‘कमाल बोली’च्या रकान्यासाठी. समजा 15 जणांचा संघ, खर्चायला 1 लाख पॉइंट, बेस (म्हणजे किमान बोली) 2,000. नऊ खेळाडूंवर 70,000 उडाले, की उरलेल्या 30,000 मधून पुढच्या 5 जागांचे 10,000 राखून अ‍ॅप 20,000 वर बोली अडवतं. वहीवर नेमकं हेच चुकतं आणि संघ 13 जणांवर अडकतो.

एका स्टारवर किती ओतायचं, ते मात्र आपलं आपण बघायचं. हॉकी इंडिया लीगच्या 2024 च्या लिलावात पुरुष संघांना प्रत्येकी 4 कोटींची पर्स (खर्चाची मर्यादा) आणि 24 खेळाडू; हरमनप्रीत सिंगला सूरमा क्लबने 78 लाख मोजले. म्हणजे बाकीच्या 23 जणांना सरासरी 14 लाखच.

आता दोष. विकलेला खेळाडू ‘अनडू’ केला तर पॉइंट परत येतात, जागा मोकळी होत नाही. नाव काढून पुन्हा टाकावं लागतं. चाकरमान्यांचा कोटा लावायची सोयच नाही (कोकणात!). नेट गेलं की स्क्रीन गोठते, आणि सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) मैदानात ते जातंच. दर फेरीनंतर एक्सेल उतरवून ठेवा.