फिल्मचे स्टेन्सिल: मराठी टायपिंगसाठी जादा पैसे मोजावेत का?

थोडक्यात उत्तर: मराठी मजकूर टाइप करून सायक्लोस्टाइल काढायचा असेल, म्हणजे छेद पाडलेल्या स्टेन्सिलच्या कागदातून शाई झिरपवून प्रती काढायच्या असतील, तर वर पारदर्शक फिल्म लावलेल्या स्टेन्सिलसाठी मोजावेत. इंग्रजी मजकुरासाठी साधे स्टेन्सिल पुरते. आणि मे महिन्यात टिनाच्या छताखाली पडून राहिलेला माल, साधा असो की फिल्मचा, फुकट मिळाला तरी घेऊ नये.

गेस्टेटनर किंवा रोनिओ जातीचे हाताने फिरवायचे यंत्र अजून चालू स्थितीत ठेवणारी शाळा, वाचनालय, भजनी मंडळ किंवा सहकारी सोसायटी यांच्यासाठी हे लिहिले आहे. नागपूरच्या सीताबर्डीतली जुनी दुकाने काय किंवा तालुक्याच्या गावची स्टेशनरी काय, स्टेन्सिलचा माल बहुतेक जुन्या साठ्यातलाच मिळतो. म्हणून कंपनीच्या नावापेक्षा जात आणि अवस्था बघून घ्यावे लागते. विकायची पद्धत क्वायरची, म्हणजे २४ नग.

एक नग म्हणजे तीन कागद, फिल्मच्या जातीत चार. मागे जाड पाठकागद. त्यावर कार्बन, तो मऊ गादीचेही काम करतो आणि टाइप झालेले अक्षर गडद दाखवतो. त्यावर खरे स्टेन्सिल: लांब तंतूंचा, जाळीसारखा विरळ कागद आणि त्याला दिलेला निळा किंवा हिरवा लेप. हा कागद मूळचा जपानी, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा. तंतू लांब असल्यामुळे लेप बाजूला सरला तरी कागद एकसंध राहतो. टाइपरायटरचा ठसा बसला की लेप बाजूला ढकलला जातो, तंतू तसेच राहतात आणि त्यांच्यामधून शाई झिरपते. हे ध्यानात ठेवले की पुढच्या सगळ्या तक्रारींची कारणे आपोआप उलगडतात. लेप पुरता सरला नाही तर अक्षर फिके. लेपाबरोबर तंतूही तुटले तर अक्षराचा तुकडाच गळतो आणि तिथे काळा ठिपका छापला जातो.

चौथा कागद म्हणजे फिल्म. पारदर्शक, अतिशय पातळ, फक्त वरच्या कडेला चिकटवलेली. ठसा आधी फिल्मवर बसतो आणि मग स्टेन्सिलवर. सुधारणा म्हणतात ती एवढीच, पण देवनागरीला नेमकी तीच हवी असते.

कारण शिरोरेषा. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, दोन छेदांच्या मध्ये न कापलेला लेप उरतो. मराठी शब्दात मात्र वरच्या बाजूने एक सलग आडवा छेद जातो. छपाई यंत्राच्या फिरत्या ड्रमवर स्टेन्सिल लांबीच्या दिशेने ताणले जाते, म्हणजे ताण बरोबर या छेदाला आडवा पडतो. त्यात मात्रा, रफार आणि अनुस्वार यांचे ठसे शिरोरेषेला लागूनच, तिथे दुसऱ्यांदा बसतात. ‘सर्वांनी’ किंवा ‘वर्षांचे’ टाइप करा आणि उजेडासमोर धरा, रफार आणि अनुस्वार जिथे एकत्र येतात तिथे तंतू जवळजवळ संपलेले दिसतील. साध्या स्टेन्सिलवर असा लांब शब्दांचा परिच्छेद असेल तर दोन-तीनशे प्रतींच्या पुढे शिरोरेषा उसवायला लागते. आधी रेघ जाड होते, मग ओळ वाकडी दिसते, मग चीर पडते. फिल्मच्या स्टेन्सिलवर ठशाची धार बोथट होते, लेप सरतो पण तंतू वाचतात. चांगल्या कोरड्या लेपाचे, फिल्म लावलेले स्टेन्सिल नीट टाइप केले असेल तर हजाराच्या पुढे प्रती देते.

दुसरा फायदा पोटबंद अक्षरांचा. ठ, व, ब, ढ, ष आणि शून्य यांच्या पोटातला गोल तुकडा सुटून पडण्याची खोड साध्या स्टेन्सिलला आहे. शिवाय लेपाचा चिकटा टाइपच्या खाचांत भरतो, मग ‘ठ’ भरीव उमटू लागतो. साध्यावर दर पानानंतर ब्रश मारावा लागतो, फिल्मवर चार-पाच पाने निभतात.

तोटेही आहेत. फिल्ममुळे अक्षर थोडे जाड आणि कडेला मऊ येते. जोडाक्षरे दाटीने असलेला मजकूर, तक्ते, बारीक आकडे यांना साध्याचा रेखीवपणा येत नाही. चकाकीमुळे टाइप केलेले वाचायला त्रास होतो आणि चूक उशिरा सापडते. आणि फिल्म वरच्या कडेलाच धरलेली असल्याने टाइपरायटरच्या रोलरवर खाली जाता जाता सरकून तिची घडी पडते. त्या घडीवर बसलेले अक्षर अर्धेच उमटते. बाजूंना चिकटपट्टी लावून उपयोग नाही, उलट स्टेन्सिल सुरकुतते. पानाच्या मध्यावर आल्यावर पेपर रिलीज (कागद सैल करायचा खटका) सोडून फिल्म हाताने खाली ओढून घ्यावी, एवढाच उपाय.

टाइप करण्याआधी ठसे स्पिरिट आणि जुन्या टूथब्रशने साफ करा. रिबनचा खटका पांढऱ्या खुणेवर, म्हणजे रिबन वर येतच नाही. हे राहिले तर रिबनची शाई आणि कापड मध्ये येऊन सगळे पान वाया जाते. ओळींमधले अंतर दीड ठेवा. एकेरी अंतरात वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात आणि दोन छेद मिळून मोठे भोक होते. वेग नेहमीपेक्षा कमी, ठोका एकसारखा. क्ष, ष, झ यांना जरा जोर, तर अनुस्वार, पूर्णविराम, स्वल्पविराम आणि शून्याला हलका हात. पूर्णविराम हा स्टेन्सिलचा पहिला शत्रू आहे, फिल्म असूनही तो भोक पाडतो.

स्टेन्सिलवर छापलेली चौकट बहुधा फुलस्केपसाठी असते. फुलस्केप १३ इंच, ए-फोर २९७ मिलिमीटर. फरक सुमारे ३३ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला सहा या हिशेबाने एकेरी अंतराच्या जवळजवळ आठ ओळी. ए-फोर कागद वापरणार असाल तर तेवढी जागा खालून सोडा, नाहीतर मुख्याध्यापकांची सही यंत्राच्या रोलरवर छापली जाईल.

पाकिटासोबत येणारी करेक्शन फ्लुइडची बाटली हा या मालाचा सगळ्यात कमजोर भाग. जुन्या साठ्यात ती हमखास घट्ट झालेली असते. तिच्यात पाणी घालू नका, फ्लुइड फाटते. नवीन बाटली किंवा तिचा थिनर मिळाला तर ठीक. दुरुस्ती अशी करा: फिल्म वर उचला, चुकीच्या अक्षराखाली स्टेन्सिल आणि कार्बन यांच्यामध्ये पेन्सिल सरकवून दोन्ही वेगळे करा. नखाच्या पाठीने किंवा काचेच्या गुळगुळीत दांडीने छेद हलकेच चोळून बुजवा. मग ब्रशने एकच पातळ हात द्या, मिनिटभर वाळू द्या, पेन्सिल काढा, फिल्म टाका आणि पुन्हा टाइप करा. पेन्सिल घालायचा कंटाळा केला तर फ्लुइड झिरपून स्टेन्सिल कार्बनला चिकटते आणि सोडवताना फाटते. फ्लुइड मिळतच नसेल तर नेलपॉलिश चालते, कारण तीही सेल्युलोजच्याच जातीची. पण थर जाड बसतो आणि त्यावर दुसऱ्यांदा टाइप केलेले अक्षर फिके येते. चूक शब्दभराची असेल तरच हा उपाय, ओळभराची असेल तर नवे स्टेन्सिल घ्या.

आता आपल्याकडच्या हवेचा मुद्दा, कारण पाकिटावरच्या सूचना नवतप्याचा (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांचा) विचार करून लिहिलेल्या नसतात. मेणाच्या लेपाची जुनी स्टेन्सिले पंचेचाळीस अंशांत मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात, आणि टाइप करताना लेप ठशाला लागून वर येतो. कोरड्या, सेल्युलोजच्या लेपाचे दुखणे वेगळे: त्याला लवचीक ठेवणारे तेल उन्हाळ्यागणिक उडत जाते आणि लेप ठिसूळ होतो. असे स्टेन्सिल रोलरवर वळवले की बारीक तडे जातात आणि प्रतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटतात. साठवण आडवी, मूळ पाकिटात, पत्र्याच्या पेटीत, खोलीच्या खालच्या भागात करा. कपाटाच्या डोक्यावर कधीच नाही. सेल्युलोजचा लेप झपाट्याने पेट घेतो, म्हणून चूल, उदबत्ती आणि विडीपासून दूर.

कूलरसमोर टाइपरायटर ठेवायची सवयही मोडा. ओल्या वाऱ्याने पाठकागद फुगतो, स्टेन्सिल फुगत नाही, आणि दोघांत सुरकुती पडते. जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना) जवळ असेल तर हंगामात कापसाचा तूस शाईच्या ड्रमवर बसतो आणि प्रतीवर पांढरे केस दिसतात. काम संपताच यंत्रावर कापड टाका.

फिल्मचे स्टेन्सिल मिळत नसेल तर साध्यालाच फिल्म लावता येते, आणि निकाल विकतच्याच्या बराच जवळ जातो. नव्या कपड्यांवर येते तसले पातळ, कुरकुरणारे प्लास्टिक घ्या. भाजीच्या पिशवीचे जाड नको, आणि डबे झाकायचे ताणणारे तर नकोच, ते लेपाला चिकटते. स्टेन्सिलच्या रुंदीइतके कापा, वरच्या कडेला सेंटिमीटरभर मागे वळवून तिथेच चिकटपट्टी लावा. आधी एका कोपऱ्यात ‘ठवब००’ टाइप करून उजेडात पाहा. अक्षर उमटलेच नाही तर प्लास्टिक जाड आहे.

टाइपरायटरऐवजी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने स्टेन्सिल कापणारेही आहेत. रिबन काढायची आणि पिनांनी थेट छेद द्यायचा. नऊ पिनांचा प्रिंटर बरा, चोवीस पिनांचा ठोका नाजूक पडतो. पण देवनागरी तिथे चित्र म्हणून छापली जाते आणि शिरोरेषा म्हणजे सलग टोचलेल्या भोकांची रांग, फाडायला सोपी. म्हणून ठळक छपाई बंद, एकच फेरी, आणि फिल्म हवीच. तिच्यामुळे पिनांत लेपही भरत नाही.

यंत्रावर चढवताना आधी स्टेन्सिलच्या डोक्याची, म्हणजे वरच्या कडेची, भोके बघा. गेस्टेटनरची आणि रोनिओची खुंट्यांची मांडणी वेगळी, एकाचे स्टेन्सिल दुसऱ्यावर बसत नाही. फिल्म आणि कार्बन काढून टाका. टाइप केलेली बाजू ड्रमकडे, पाठकागद वर. खुंट्यांत अडकवून शेपटाकडे हलका ताण देत टेकवा आणि मगच पाठकागद फाडा. सुरकुती राहिली तर शेपूट उचलून पुन्हा टेकवा, बोटाने दाबून सरळ करू नका. स्टेन्सिलला एखादे नको असलेले भोक राहिले असेल तर त्यावर कागदाचा तुकडा ठेवा, तो शाईनेच चिकटतो.

शाई तेलाची असेल तर कागद शोषणारा, सायक्लोस्टाइलचाच हवा. तेलाची शाई कागदात मुरते, हवेत उडत नाही. झेरॉक्सच्या गुळगुळीत कागदावर ती तासन्‌तास ओली राहते आणि वरच्या पानाच्या पाठीवर उमटते. डिसेंबरच्या सकाळी शाई घट्ट होऊन प्रती फिक्या येतात, ट्यूब थोडा वेळ उन्हात ठेवा. उन्हाळ्यात उलटे: शाई पातळ, अक्षर फुगलेले, तेव्हा शाई कमी सोडा.

पंचवीस-तीस प्रतींसाठी हा खटाटोप करू नका, तालुक्यात झेरॉक्स आहे. शेकड्यांनी प्रश्नपत्रिका आणि चोवीस तास वीज असेल तर रिसोचे, म्हणजे विजेवर चालणारे प्रती काढायचे यंत्र सोयीचे. त्याचा मास्टरही (तिथले स्टेन्सिल) फिल्म आणि तंतूंच्या कागदाचाच, फक्त छेद उष्णतेने पडतो. वीज नसताना दोनशेच्या वर प्रती हव्या असतील, तर मात्र हातयंत्र आणि फिल्मचे स्टेन्सिल याला अजून तोड नाही.

दुकानात पाकीट उघडून तीन गोष्टी बघा. एक नग खिडकीकडे धरा: लेपात चांदण्यांसारखे ठिपके दिसले तर लेप गळालेला. कोपरा हलका वाकवा: पांढरी रेघ उमटली तर ठिसूळ. फिल्म उचलून बघा: चिकटून लेपासकट वर आली तर माल उन्हात राहिलेला. मधला एखादा नगही तपासा, वरचे आणि खालचे सगळ्यांत आधी खराब होतात. दुकानदार पाकीट उघडू देत नसेल तर एकच क्वायर घ्या आणि बाकीचा माल त्याच्याकडेच राहू द्या.