पाथ जोडायचा कसा: ओएस-पाथ की पाथलिब?

पाथ म्हणजे फाइल कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारा पत्ता. त्यात विंडोजवर फोल्डरांच्या मध्ये उलटा स्लॅश, लिनक्स आणि मॅकवर सरळ. याचं मूळ १९८३च्या डॉस २.० (मायक्रोसॉफ्टची विंडोजआधीची ऑपरेटिंग सिस्टिम) मध्ये आहे: फोल्डर आले तेव्हा सरळ स्लॅश कमांडच्या पर्यायांसाठी आधीच वापरात होता. ते आपण अजून निस्तरतोय.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्यावर दोन उपाय आहेत. जुनं ओएस-पाथ मॉड्यूल (तयार फंक्शनांचा संच) पाथला साधी स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरांची माळ, समजतं. जॉइन फंक्शन योग्य स्लॅश घालतं, पण एक्स्टेन्शन काढून वरच्या फोल्डरात जायचं म्हटलं की कंसात कंस, आणि ओळ आतून बाहेर वाचावी लागते. शिवाय स्ट्रिंगच असल्यामुळे घाईत कुणीतरी अधिकचं चिन्ह वापरून पाथ जोडतोच. मीही जोडलाय.

दुसरा उपाय पाथलिब. ते २०१४ साली, ३.४ आवृत्तीत आलं. इथे पाथ म्हणजे ऑब्जेक्ट, स्वतःचे भाग ओळखणारी वस्तू. भागाकाराचं चिन्ह टाकलं की तुकडे जोडले जातात, नाव, एक्स्टेन्शन, वरचा फोल्डर नुसता डॉट देऊन मिळतो. मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे प्युअर-विंडोज-पाथ: लिनक्स सर्व्हरवर बसून विंडोजचा पाथ नीट उलगडता येतो.

काही खोड्या मात्र दोन्हीकडे सारख्याच. जोडताना दुसरा तुकडा स्लॅशने सुरू झाला, तर पहिला गुपचूप गळून पडतो. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉलही दोघं सांभाळत नाहीत. विंडोजवर चाललेलं लिनक्सवर अडतं.

नवीन कोड असेल तर पाथलिबच. चालू असलेला जुना कोड केवळ हौसेखातर बदलू नका.