देखाव्यातली मगर: गादीचा फोम की ईव्हीए?

"सजीव देखाव्यात मगर करायचीय, कुठला फोम आणू?" शाहूपुरीतल्या एका मंडळाच्या पोरानं विचारलं.

गादीचा फोम, म्हणजे पॉलियुरेथेन, स्वस्त आणि हलका. कात्रीनं कापतो. आत हात घालून जबडा हलवायचा असेल तर हाच. गाल दाबले तसे दबतात. पण छिद्रं उघडी असल्यानं घाम आणि पाऊस दोन्ही पितो, आणि गणपतीत कोल्हापूरचा पाऊस काही सांगून येत नाही. उन्हात पिवळा पडून भुसा होतो. रंगाची तर खरी कटकट: अ‍ॅक्रिलिक थेट मारला की आत शोषतो आणि वाकवल्यावर तडकतो. त्यापेक्षा लॅटेक्समध्ये, म्हणजे पातळ रबरात, रंग कालवून पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा.

ईव्हीए म्हणजे रबरी चपलेच्या तळव्यासारखा. पाणी पीत नाही. हीट गननं, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, तापवून वाकवला की गार झाल्यावर आकार धरतो, वरची छिद्रंही मिटतात, रंग नीट बसतो. मात्र महाग, ब्लेड सतत धारदार हवं, घासताना मास्क हवाच. आणि मगरीच्या आतला माणूस उकडून निघतो.

चिकटवायला दोन्हींना चपलेचं सोल्युशन; दोन्ही बाजूंना लावून, जरा सुकल्यावर दाबायचं, खिडक्या उघड्या ठेवून. पेटतात दोन्ही, गादीचा जास्त भडकतो. फटाके लांब.

एका गणपतीपुरती, तोंड हलणारी मगर हवी तर गादीचा फोम. दरवर्षी काढायची, खवल्यांची पाठ मिरवायची तर ईव्हीए. मी त्याला जबडा गादीचा, पाठ ईव्हीएची करायला सांगितलं.