सायक्स-पिकोचा नकाशा: छपाई झकास, फ्रेमने घात केला

पाचपैकी तीन तारे.

माझे पणजोबा ११० व्या मराठा पलटणीत. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकातल्या कूत-अल-अमाऱ्याला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात सापडले. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली आणि नऊच दिवसांनी, ८ मे रोजी, इंग्रजांचा सायक्स आणि फ्रेंचांचा पिको यांनी या नकाशावर सह्या केल्या; तुर्कांचा अरब मुलूख आपसात वाटून घ्यायच्या गुप्त कराराचा हा नकाशा. आमची माणसं कैदेत चालली होती, आणि इकडे बगदाद-बसऱ्यावर इंग्रजांचा तांबडा रंग मारूनही झाला होता! म्हणून हा नकाशा मला भिंतीवर हवाच होता. फ्रेमसकट १,८५० रुपये मोजले.

कागद जाड, रंग अस्सल. फ्रेंचांचा निळा, इंग्रजांचा तांबडा, मधले 'ए' (फ्रेंच प्रभावाचा) आणि 'बी' (इंग्रज प्रभावाचा) पट्टे स्पष्ट. भिंगाशिवाय गावांची नावं वाचता येतात.

पण फ्रेमच्या आतल्या पांढऱ्या माउंटखाली उजवा कोपरा गेला, म्हणजे नेमक्या सह्या आणि तारीखच गायब. विक्रेत्याला फोन केला तर तिथला पोरगा म्हणतो, "सर, 'संपूर्ण नकाशा' म्हणजे फक्त नकाशाचा भाग. सह्या त्यात येत नाहीत." घ्या!

शब्दाच्या अर्थाचा हा खेळ ऐकून मला मॅकमहन आठवला, तेव्हाचा इजिप्तमधला इंग्रज हायकमिशनर. २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात त्याने मक्केच्या शरीफ हुसेनला, अरबांच्या पुढाऱ्याला, कळवलं की दमास्कस, होम्स, हमा, अलेप्पो यांच्या पश्चिमेचा भाग कबूल केलेल्या अरब राज्यात धरायचा नाही. इंग्रजीत 'जिल्हे', अरबीत 'विलायत'. हो, आपली विलायत तीच. आता विलायत म्हणजे शहराभोवतीचा टापू की अख्खा तुर्की प्रांत? १९२२ मध्ये वसाहतमंत्री चर्चिलच्या खात्याने प्रांत धरला आणि पॅलेस्टाइन वगळलेलंच होतं असं सांगितलं. अरबांनी ते मानलं नाही.

सोबतच्या पत्रकात यातलं अक्षर नाही. बोल्शेविकांनी नोव्हेंबर १९१७ मध्ये झारच्या दप्तरातून हा करार काढून छापला, एवढं मात्र बरोबर दिलंय. पुढे 'आजची इराक-सीरिया सीमा हीच' असं ठोकून दिलंय. अहो, तुमच्याच नकाशात मोसुल फ्रेंचांच्या 'ए' पट्ट्यात आहे! डिसेंबर १९१८ मध्ये फ्रेंच पंतप्रधान क्लेमांसोने ते इंग्रज पंतप्रधान लॉइड जॉर्जला सोडलं, म्हणून आज ते इराकात आहे.

पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी पकडीने मागचे खिळे उपसून माउंट काढून टाकला. तुम्ही घेणार असाल तर नुसती प्रिंट मागवा, फ्रेम गावातच करून घ्या.