टेनिस एल्बो: मनगटाची स्प्लिंट की कोपराखालचा पट्टा?

फोंड्यातील सुतारकाम करणाऱ्या एका परिचितांच्या कोपराची बाहेरची बाजू दुखू लागली, तेव्हा मनगटाची स्प्लिंट (मनगट जखडून ठेवणारा कडक आधार) घ्यावी की कोपराखाली बांधायचा पट्टा, असे त्यांनी विचारले. या दुखण्याचे, म्हणजे टेनिस एल्बोचे, वर्णन जर्मन वैद्य रुंगे यांनी १८७३ मध्ये केले होते.

स्प्लिंटमागचा विचार जुना आहे. डच लष्करी शल्यचिकित्सक मॅथिसेन यांनी १८५२ मध्ये प्लास्टरचे बँडेज प्रसिद्ध केल्यावर दुखरा अवयव जखडून ठेवणे सोपे झाले, आणि स्प्लिंटही मनगट किंचित वर उचललेल्या स्थितीत धरून कंडरेला (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) विश्रांतीच देते. मात्र ती फार काळ बांधली तर सांधा आखडतो. पट्ट्याचा विचार वेगळा आहे: १९६६ मध्ये अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ इल्फेल्ड यांनी खास ब्रेस (बांधायचा आधार) सुचवला आणि पुढे त्याच क्षेत्रातील नर्शल यांनी तो विचार रुजवला. पट्टा स्नायूला पूर्ण फुगू देत नाही, त्यामुळे कंडरेच्या मुळाशी बसणारा ताण कमी होतो आणि मनगट मोकळे राहते. तो करकचून बांधल्यास हाताला मुंग्या येतात.

खर्चात पट्टा सहसा स्वस्त पडतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन्हींचे अस्तर लवकर वाळत नाही, पण लहान पट्टा धुणे सोपे जाते.

विश्रांतीच्या वेळीही ठणका असेल आणि काही दिवस काम थांबवता येत असेल, तर स्प्लिंट घ्यावी. दुखणे केवळ रंधा ओढताना होत असेल, तर पट्टा पुरेसा आहे.