डाइव्ह कॉम्प्युटर: १७ महिने, ३३ डाइव्ह आणि ते एक झाकण

खरं तर स्कूबा डाइव्हिंगच्या सगळ्याच सामानाचं लिहायचं होतं, मास्क, फिन्स, सगळं. पण डिसेंबरात नेत्राणीला, म्हणजे कर्नाटकातल्या मुरुडेश्वरजवळच्या बेटावर, जे झालं त्यानंतर माझं डोकं एकाच वस्तूवर अडकून बसलंय, डाइव्ह कॉम्प्युटरच्या, म्हणजे किती खोल, किती वेळ खाली राहिलो ते मोजणाऱ्या मनगटावरच्या यंत्राच्या, पाठीवरचं बॅटरीचं झाकण. त्यामुळे बाकीचं आधी उरकतो. पहिला खर्च मास्कवर करा. दुकानात पट्टा न अडकवता नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकानं श्वास ओढा, हात सोडल्यावर पडला नाही तर तो तुमचा. मिशी असेल तर नाकाखालची बारीक रेघ भादरावी लागते, मी दोन ट्रिपा हट्टानं भादरली नाही आणि दोन्ही ट्रिपा नाकात खारं पाणी घेत काढल्या. जॅकेट, फिन्स, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणून देतो तो) भाड्याने. रेग्युलेटर स्वतःचाच घ्या असं सांगणारे खूप भेटतील पण त्याची वेळच्या वेळी सर्व्हिसिंग लागते आणि मुंबईहून वर्षाला तीन ट्रिपा मारणाऱ्याला ते झेपत नाही, विषय संपला.

आता कॉम्प्युटर. एक बटणवाला, बेसिक, मनगटावर बिस्किटाएवढा दिसतो. २१,५०० ला घेतला. भाडं दिवसाला ५०० पडायचं म्हणजे ४३ दिवसांत वसूल असा हिशोब मी बायकोला कागदावर करून दाखवला होता. आत्तापर्यंत डाइव्हिंगचे दिवस भरले १५. म्हणजे १४ हजार अजून पाण्यात आहेत.

तर नेत्राणी. मुरुडेश्वरपर्यंत कोकण रेल्वे, तिथून बोट. ट्रेनचा एक फायदा सांगून ठेवतो, शेवटच्या डाइव्हनंतर विमानासाठी जे १८ तास थांबावं लागतं ते इथे नाही आणि घाटरस्त्याने वर चढायचंही नाही, खाली दाबाची हवा ओढून अंगात मुरलेला नायट्रोजन असताना उंचीवर जायला नको म्हणून. पहिल्या दिवशी दोन डाइव्ह मस्त झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर बटण दाबलं तर बॅटरीचं चिन्ह लुकलुकतंय आणि डाइव्ह मोडमध्ये जायलाच तयार नाही.

मी म्हटलं ठीक आहे, एखादा भाड्याचा द्या. इन्स्ट्रक्टर मालवणचा पोरगा होता, हसला. "दादा, स्पेअर आहे माझ्याकडे, पण त्याला काय माहीत तुम्ही काल दोनदा खाली जाऊन आलात? त्याला वाटणार तुम्ही आत्ताच घरातनं चहा पिऊन निघालात." बरोबरच होतं त्याचं. कॉम्प्युटर प्रत्येक डाइव्हचा नायट्रोजन वहीत मांडल्यासारखा मांडत जातो, मधेच वही बदलली की उधारी शून्य दिसते पण अंगातली उधारी तिथेच असते. म्हणून पूर्ण पैसे भरून मी बोटीत बसलो, उलट्या करणाऱ्या दोघांना लिंबू देत. सेलची बाजारातली किंमत १४० रुपये.

मुंबईत आल्यावर सर्व्हिसवाल्याला फोन केला. बॅटरी बदलणं आणि प्रेशर टेस्ट मिळून २,८००, कुरियर वेगळं, तीन ते चार आठवडे कारण माल मुंबईबाहेर जातो. मी म्हटलं अहो मॅन्युअलमध्ये लिहिलंय वापरणाऱ्याने स्वतः बदलली तरी चालेल, चित्रासकट दिलंय. तर म्हणाला, "सर ते फॉरेनसाठी आहे, इकडे वॉरंटी जाते." फॉरेनचं पाणी काय पातळ असतं का? फोन ठेवला.

सेल शोधायलाच दोन संध्याकाळी गेल्या. २०३२ नंबरचा बटण सेल कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये मिळतो, याला लागतो २४३०, शेवटी लॅमिंग्टन रोडला मिळाला, पाकिटावरची तारीख बघून घ्या तिथे. मग झाकण. त्याला नाण्याने फिरवायची खाच आहे. पाच रुपयाचं जाड, जात नाही. एक रुपयाचं जातं पण खाचेत हलतं आणि प्लास्टिक खरवडतं. दोन तास मी घरातली सगळी चिल्लर लावून बघितली. शेवटी आईच्या देव्हाऱ्यातल्या डबीतलं जुनं पन्नास पैशाचं नाणं असं बसलं की जणू त्याच्यासाठीच पाडलंय. एवढ्या मोठ्या कंपनीने डब्यात दहा रुपयांची प्लास्टिकची चावी दिली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

ओ-रिंग, म्हणजे झाकणातून पाणी शिरू नये म्हणून असलेली रबरी कडी, नवी टाकायची म्हणून जुनी घेऊन नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे माणसाने व्हर्नियर लावून दहा सेकंदात माप सांगितलं आणि विचारलं, किती डझन? एक म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं की मी पाच घेतल्या. पाचचे ४० रुपये.

आता टेस्ट कशी करणार? बाथरूमची बादली काही कामाची नाही, फूटभर पाण्याचा दाब म्हणजे ०.०३ बार. दर दहा मीटरला एक बार वाढतो, म्हणजे १८ मीटरला नुसत्या पाण्याचाच १.८. मी बोलून गेलो की कुकरच्या शिट्टीला साधारण एक बार असतो म्हणजे दहा मीटर झाले, त्यावर आई म्हणाली, "आधी मला भात लावू दे." अर्थात त्या उष्णतेत डिस्प्ले गेलाच असता, कुणी खरोखर करू नका.

इथपर्यंत मी एक स्टार देणार होतो. मग मॅन्युअल नीट वाचलं, सेल इतक्या लवकर का गेला म्हणून, आणि गप्प झालो. याच्या बाजूला दोन धातूचे टिकले आहेत, त्यांना पाणी लागलं की कॉम्प्युटर आपोआप जागा होतो. आणि मी काय करायचो, तर आमच्या सोसायटीत पाणी सकाळी तासभर, म्हणून ट्रिपवरून आलो की रात्रीच सगळं सामान भरलेल्या बादलीत भिजत टाकायचो, सकाळी काढून ओल्या जाळीच्या पिशवीत तसंच कपाटावर. जून ते सप्टेंबर मुंबईत ती पिशवी कधी सुकते का? म्हणजे बिचारा पावसाळाभर कपाटावर जागाच असणार. लॉगमध्ये काही दिसलं नाही कारण मीटर-दीड मीटर खाली गेल्याशिवाय तो डाइव्ह धरत नाही. आता पाच मिनिटं धुतो, टिकले पंचाने पुसतो, कोरड्या डब्यात ठेवतो.

तसंच दुसरं. सहा महिने मी याला शिव्या घालत होतो की मित्राच्या कॉम्प्युटरपेक्षा हा खाली चार-पाच मिनिटं कमी देतो. पैसे भरून कमी वेळ मिळाला की मला त्रास होतो. तर सेटिंगमध्ये सेफ्टी एक पायरी वर करून ठेवलेली, मीच, दुकानात बटण दाबून बघताना. शून्यावर आणून ठेवता येतं पण आता राहू दिलंय. वय ४६, पोट आहे, चार मिनिटांनी कुठे काय बिघडतं.

फेब्रुवारीत तारकर्लीला नवीन सेल घालून उतरलो. पाणी गढूळ, हात लांब केला तर बोटं अंधुक, पण मला मासे बघायचेच नव्हते, मी अख्खी डाइव्ह मनगट बघत होतो. १० मीटर, सगळं ठीक. वर आलो, सामान धुतलं, रूमवर झाकण उघडलं तर आत बारीक ओल. नशीब, माझ्या मॉडेलमध्ये बॅटरीचा कप्पा बाकीच्या मशीनपासून वेगळा बंद आहे, पुसून चालू झाला.

नाक मुठीत धरून त्याच सर्व्हिसवाल्याला परत फोन. या वेळी दुसऱ्याने उचलला, आवाजावरून वयस्कर. त्याने एकच विचारलं, ओ-रिंगला ग्रीस किती लावलंत? मी म्हटलं भरपूर. "तेच ना. नुसती चमक आली पाहिजे. जास्त लावलं की धूळ, केस चिकटतात आणि तिथूनच पाणी शिरतं." उघडून भिंगातून बघितलं. केस होता. माझाच, पांढरा. वर त्याने फुकटात सांगितलं की डाइव्हनंतर लगेच सेल बदलू नका, दोन दिवस जाऊ द्या, नाहीतर नायट्रोजनचा हिशोब पुसला जातो. माणूस सोन्यासारखा, तरी २,८०० हा रेट मला पटलेला नाही आणि पटणार नाही.

तर माझे स्टार: कॉम्प्युटर चार, झाकण दीड. घ्यायला गेलात तर दुकानात सगळ्यात आधी पाठ बघा, स्क्रू किती, खाच कसली, सेल कुठला, आणि बॅटरी तुमच्यासमोर बदलून दाखवा म्हणा. दाखवता येत नसेल तर पुढचं दुकान. दरवर्षी सीझनच्या आधी सेल बदलायचा, तो संपायची वाट बघायची नाही, १४० रुपयांत मी चिकटपणा केला म्हणून दिवसभर लिंबू वाटले.

मे महिन्यात परत तारकर्लीचं चाललंय, पाऊस लागायच्या आत. बॅगेत दोन जादा सेल, चार ओ-रिंगा, ग्रीसची डबी आणि ते पन्नास पैसे. आईने दोनदा विचारलं डबीतलं नाणं कुठे गेलं, तिला अजून सांगितलेलं नाही.