दार आपल्याच हाताने उघडायचे : ‘ॲम्नेशिया’ मालिकेविषयी

‘ॲम्नेशिया : द डार्क डिसेंट’ या संगणकावरच्या भयपट धाटणीच्या गेममध्ये नुसते बटण दाबून दार उघडत नाही. माउसचे बटण दाबून दार धरायचे, ते न सोडता हात आपल्याकडे ओढायचा किंवा पुढे ढकलायचा. हात जितका सरकेल तितकेच दार सरकते. चार बोटांची फट करून पलीकडे डोकावता येते, आणि पहिला अर्धा तास ही गंमत वाटते. पण मागून पाय घासत कोणीतरी येत असल्याचा आवाज कानी पडला, की हीच गंमत जिवावर बेतते. ओढायचे दार आपण ढकलत राहतो, ते उघडते तेव्हा आपणच त्याच्या आड येतो, आणि आत शिरल्यावर ते लावून घ्यायचे राहून जाते. मी ही गेम तीन वेळा खेळले आहे आणि तिन्ही वेळा घाईत दार चुकीच्या दिशेला ढकलले आहे.

या मालिकेची भीती खेळणाऱ्याच्या हातात आहे, असे माझे मत आहे. ती तिथे कशी आली, हे समजण्यासाठी ‘ॲम्नेशिया’च्या आधीच्या गेमपर्यंत मागे जावे लागते.

दक्षिण स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्ग शहरात थॉमस ग्रिप आणि येन्स निल्सन यांनी ‘ॲम्नेशिया’ घडवणारी फ्रिक्शनल गेम्स ही छोटी कंपनी उभी केली. त्यांनी स्वतः लिहिलेल्या इंजिनाचे, म्हणजे गेम ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचे, नाव ‘एचपीएल’ आहे, भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांची ती आद्याक्षरे. २००६ मध्ये त्यांनी एक लहानसा नमुना फुकट वाटला आणि त्यातूनच मार्च २००७ मध्ये ‘पेनम्ब्रा : ओव्हर्चर’ ही गेम आली. वडिलांच्या पत्राचा माग काढत ग्रीनलंडमधल्या बंद खाणीत उतरलेल्या फिलिपची ही कथा. दारे, खण आणि झडपा हाताने ओढण्याची पद्धत इथेच पक्की झाली. मात्र याच गेममध्ये हातोडा आणि कुदळही होती, आणि तीही माउस झटकून चालवायची होती. खाणीतल्या कुत्र्यांशी होणारी ती झटापट इतकी ओबडधोबड होती, की भीती पार उडून जाई आणि उरे ती चिडचिड. शिवाय कुत्र्याला एकदा लोळवले, की पुढच्या कुत्र्याचे काय भय वाटणार?

२००८ मधल्या ‘ब्लॅक प्लेग’ या दुसऱ्या भागात त्यांनी हत्यारे काढूनच टाकली. प्रकाशक बदलावा लागला होता आणि तीन भागांचा बेत दोन भागांत आटोपता घ्यावा लागला होता. तशा ओढाताणीत घेतलेला हा निर्णय पुढच्या साऱ्या ‘ॲम्नेशिया’ मालिकेचा पाया ठरला. जे जमले नाही ते डागडुजी करून चालवण्याऐवजी त्यांनी सरळ वगळले, आणि वगळल्यावर जे उरले त्यावर सगळा भार टाकला.

८ सप्टेंबर २०१० रोजी ‘द डार्क डिसेंट’ बाहेर आली तेव्हा ती बनवणारी मुख्य मंडळी जेमतेम पाच होती. १८३९ साल, प्रशियातला ब्रेननबर्गचा किल्ला आणि स्वतःच औषध पिऊन स्मृती पुसून टाकलेला डॅनियल. जाग आल्यावर त्याला स्वतःच्याच हस्ताक्षरातले पत्र सापडते, आणि त्यात किल्ल्याच्या गाभ्यात जाऊन अलेक्झांडर नावाच्या माणसाला ठार मारण्याची सूचना असते. आपण काय विसरलो आणि का, हे चिठ्ठ्यांतून उलगडत जाते. ते जसजसे कळते तसतशी डॅनियलबद्दलची सहानुभूती आटत जाते. कथेचा हा भाग मला किल्ल्यात फिरणाऱ्या राक्षसांपेक्षा जास्त बोचला.

खेळाची मांडणी साधी आहे. अंधारात फार वेळ राहिले तर डॅनियलचे भान सुटू लागते, पडदा लहरतो, दात करकरतात. उजेडात उभे राहिले तर दिसून जाण्याची भीती. कंदिलाचे तेल आणि दिवे पेटवायच्या चकमकपेट्या मोजक्याच. राक्षसाकडे पाहिले तरीही भान सुटते, त्यामुळे आपण कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसतो आणि त्याला नीट पाहतच नाही. यात कमी पैशांतला शहाणपणा आहे: जे कोणी टक लावून पाहणारच नाही, ते फार तपशिलाने घडवण्याची गरज पडत नाही. पाण्याने भरलेल्या तळघरात तर राक्षस दाखवलेलाच नाही. पाण्यावर उमटत जवळ येणारी पावले तेवढी दिसतात, आणि आपण एका खोक्यावरून दुसऱ्या खोक्यावर उड्या मारत, मध्येच मांसाचा तुकडा दूर फेकून त्याला चकवत पुढे जातो. एवढ्या स्वस्तात एवढी दहशत मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये अनुभवलेली नाही.

गेम गाजली ती बरीचशी यूट्यूबमुळे. खेळणाऱ्याची किंकाळी पाहायला लोक जमू लागले, आणि प्यूडीपाय या स्वीडिश यूट्यूबरच्या सुरुवातीच्या प्रसिद्धीत या गेमचा मोठा वाटा होता. हेडफोन घालून, जिंकण्याच्या नादी न लागता खेळा, अशी विनंती गेम सुरुवातीलाच करते. ती किती जणांनी पाळली, हा भाग वेगळा.

२०१३ मधली ‘अ मशीन फॉर पिग्ज’ ही ब्रिटनमधल्या द चायनीज रूम या कंपनीने केली. १८९९ चे लंडन, कारखानदार ऑस्वल्ड मँडस आणि पृथ्वीच्या पोटात धडधडणारे यंत्र. लेखन उत्तम असले तरी इंग्रजी अवघड आहे. भान सुटणे नाही, तेल संपणे नाही, जवळ बाळगायच्या वस्तू नाहीत; हाताला काम उरले नाही आणि भीतीही पातळ झाली. २०२० मधली ‘रीबर्थ’ फ्रिक्शनलची स्वतःची. १९३७ मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात विमान कोसळल्यावर वाचलेली गर्भवती तासी त्रियानॉं ही तिची नायिका. घाबरल्यावर पोटावर हात ठेवून बाळाला शांत करण्याची कल्पना हृद्य आहे, आणि डॅनियलच्या कथेचे मूळही अल्जीरियातच असल्याने धागा नीट जुळतो. पण राक्षसाच्या तावडीत सापडल्यावर फारसे काही गमवावे लागत नाही, हे एकदा लक्षात आले की उजेडासाठी जवळ असलेल्या काडेपेटीतल्या काड्या मोजण्यात अर्थ उरत नाही.

त्यामुळे २०२३ मधली ‘द बंकर’ मला घरी परतल्यासारखी वाटली. पहिले महायुद्ध, फ्रेंच सैनिक आंरी क्लेमाँ, स्फोटाने बुजवलेले बाहेर पडायचे तोंड आणि आत एकच प्राणी, जो आवाजावर येतो. या वेळी हातात पिस्तूल आहे, पण गोळ्या इतक्या थोड्या की ते असून नसल्यासारखे. आणि गोळी झाडली तरी तो मरत नाही, तात्पुरता पळतो. टॉर्च चालवायला दोरी खेचावी लागते आणि ती खर्रर्र वाजते. जनरेटरमध्ये इंधन ओतायचे, खिशातल्या घड्याळावर वेळ पाहायची आणि दिवे विझण्याआधी सुरक्षित खोलीत परतायचे. वस्तूंच्या जागा आणि कुलुपांचे आकडे प्रत्येक डावात बदलतात, त्यामुळे कोणाचा व्हिडिओ पाहून तयारी करता येत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ‘द डार्क डिसेंट’ आधी घ्यावी. माझ्या जुन्या लॅपटॉपवरही ती सुरळीत चालते, आणि सेलमध्ये बरीच स्वस्त मिळते. त्यानंतर थेट ‘द बंकर’. मधल्या दोन्ही भागांची घाई नाही. ‘द बंकर’मध्ये पहिल्यांदा जनरेटर बंद पडला तेव्हा मी टॉर्चची दोरी खेचली, उत्तरादाखल भिंतीच्या पोकळीत काहीतरी सरपटले, आणि मी गेम तशीच सोडून खोलीतला दिवा लावायला उठले.